उजव्या होडीत पुन्हा पाणी: कॅटामरानच्या तळातलं पाणी कुठून येतं ते कसं शोधायचं

लक्षण असं. सकाळी मागच्या केबिनमधली फळी उचलली की खाली बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळात, तीन-चार लिटर पाणी. तुम्ही ते उपसता, पुसता, दिसेल ती जुबली क्लिप (नळीवरची आवळपट्टी) आवळता, दिसेल त्या फटीत सीलंट भरता. दोन-तीन दिवस सगळं कोरडं. मग एका सकाळी त्याच जागी पुन्हा पाणी.

आमच्या बोटीवर हे तीन हंगाम चाललं. ऑक्टोबर ते मे मी आणि माझे यजमान ३८ फुटी शिडाच्या कॅटामरानवर राहतो. गोवा ते रत्नागिरी, एखाद्या वर्षी खाली कोचीपर्यंत. पावसाळ्याआधी बोट गोव्यात एका यार्डात जमिनीवर घेतो आणि सोलापूरला घरी येतो. यजमानांची नोकरी मर्चंट नेव्हीत, इंजिनरूममध्ये गेली. माझ्या माहेरी टॉवेलचे माग होते, त्यामुळे माझं लहानपण खटखट आवाजात आणि तेलाच्या वासात गेलं. यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. पाण्याची मात्र काळजी वाटते. रात्री झोपेत पंपाचा आवाज आला की मी आधी फळी उचलते, मग डोळे चोळते.

या हंगामात ओळखीच्या दोन जोडप्यांनी हाच प्रश्न विचारला. दोघांनीही पन्नास-साठ हजार रुपये दुरुस्तीत घातले आहेत आणि दोघांच्याही बोटीत अजून पाणी येतंय. म्हणून माझी वही समोर ठेवून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे शेवटी काय निघालं ते आधीच सांगून टाकते. आमची गळती एक नव्हती, चार होत्या. एक बंद केली की दुसरीचं पाणी त्याच खड्ड्यात येऊन बसायचं आणि आम्हाला वाटायचं, पहिलीच दुरुस्ती फसली. मग चांगलं केलेलं काम पुन्हा उकलायचं. एक पंप आम्ही असा तीनदा उघडला. त्यातल्या दोन वेळा त्याला काहीही झालेलं नव्हतं.

कॅटामरानमध्ये हे जास्त चकवतं

ज्यांनी बोट आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी आणि त्यांना जोडणारा मधला माळा. हा शब्द मुळात तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. आम्ही घरात उजवी होडी, डावी होडी असंच म्हणतो. झोपायच्या खोल्या, संडास, इंजिनं, पाण्याच्या टाक्या असं बरंच काही या दोन होड्यांत असतं. स्वयंपाक आणि बसणं-उठणं आमच्याकडे वर माळ्यावर.

एकाच होडीच्या यॉटला खाली खोल तळ असतो. कुठूनही आलेलं पाणी तिथे एका विहिरीसारखं जमतं. कॅटामरानचा तळ उथळ आणि बराचसा सपाट. फळ्यांखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पाणी पुढे जायला लहान लहान भोकं. पाणी या भोकांतून, वायरींच्या कडेनं, आतल्या अस्तराच्या मागून सरकत सरकत सगळ्यात खालच्या कोपऱ्यात येतं. आमच्या बोटीचा तो कोपरा म्हणजे उजव्या होडीची मागची बाजू, कारण गिझर, मोठी टाकी आणि अवजारांची पेटी सगळं तिकडेच आहे. वजनानं बोट त्या बाजूला दोन बोटं खाली बसते. चारही गळत्यांचं पाणी म्हणून तिथेच दिसायचं. एका गळतीची जागा तिथून पुढे जवळजवळ पाच मीटरवर होती.

हौदाची रेघ

शोधायची पद्धत मला बोटीवर सुचली नाही, सोलापुरात घरी मिळाली. आमच्याकडे उजनीचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्यामुळे घरोघरी जमिनीखाली हौद. चार वर्षांपूर्वी आमचा हौद लवकर रिकामा व्हायला लागला. हौदाला तडा गेला असं धरून दोनदा आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. फरक शून्य. मग गल्लीतला एक म्हातारा प्लंबर आला. त्यानं हौदात वाकून बघितलंसुद्धा नाही.

म्हणाला, "वैनी, भोक नका हुडकू. पाणी कवा कमी होतंय ते आधी बघा."

रात्री नऊला त्यानं मोटरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली. सकाळी सहाला पाणी रेघेवरच. मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून दुसरी रेघ. संध्याकाळपर्यंत पाणी चार बोटं खाली. हौद धडधाकट होता. हौदातून गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा पाइप फरशीखाली फुटला होता.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, आपण बोटीतही नुसतं भोकच शोधतोय.

आधी कोरडं करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. पाणी उपसलं, वरवर पुसलं, झालं, असं नाही. तळात आधीच्या पाण्याचं मीठ वाळून बसलेलं असतं. त्यावर नंतर गोडं पाणी जरी आलं तरी ते खारटच लागतं. आमचा दुसरा अख्खा हंगाम या एका चुकीत गेला. पाणी गिझरचं होतं, चव समुद्राची लागायची.

म्हणून बिल्ज आधी गोड्या पाण्यानं धुवा. दोनदा. भोकांमधून तार फिरवून गाळ, केस, लाकडाचा भुसा काढा. मग पुसा. आमच्याकडे टॉवेलची कमतरता नाही, सोलापुरी टर्किश टॉवेल एक लिटर पाणी सहज पितो. पण नवा टॉवेल तळात नेऊ नका. त्याचे तंतू सुटतात आणि बिल्ज पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. एकदा आमचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा) अशाच तंतूंच्या गुंत्यात अडकून वरच राहिला आणि पंप रात्रभर कोरडा फिरत होता. चार-पाच धुण्यांनंतरचे, घरात जुने झालेले टॉवेल घ्या.

पुसून झालं की फळ्या उघड्या टाकून एक दिवस वाळू द्या. मग प्रत्येक आडव्या पट्टीच्या भोकापाशी टिश्यू पेपरचा एक तुकडा ठेवा आणि भोकाच्या अलीकडे निळ्या खडूची आडवी रेघ मारा. टिश्यू वाळला तरी ओला होऊन गेल्याचं त्याच्या सुरकुत्यांवरून कळतं आणि पाण्याचा माग खडू धुऊन निघाल्यावर उघडा दिसतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाच तुकड्यांपैकी मागचे दोनच ओले झाले. म्हणजे पाणी पुढून येत नव्हतं. अर्ध्या होडीच्या फळ्या उचलायचे कष्ट तिथेच वाचले.

कुठलं पाणी

चव घेऊन बघा असं सगळे जुने लोक सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तळातल्या पाण्यात डिझेल, साबण, संडासाचंही काही असू शकतं. मी टीडीएस मीटर वापरते, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. सोलापुरात बोअरचं पाणी आणि आरओ यामुळे हे पेनएवढं यंत्र घरोघरी असतं. घरचंच उचलून बोटीवर नेलं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे मीटरच्या भाषेत, मिलिग्रॅममध्ये, ३५,००० च्या घरात. घरगुती मीटर बहुधा ९,९९० पर्यंतच मोजतं, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात बुडवलं की ते आकडा दाखवायचंच सोडतं. आमच्या टाकीतलं पाणी दोनशेच्या आसपास असतं. दोन्हींत इतका फरक आहे की शंकेला जागाच नाही. आकडा मधला आला, चारशे, दोन हजार, असा, तर दोन शक्यता: तळ नीट धुतला नव्हता, किंवा डेकवरचं मीठ घेऊन पावसाचं पाणी आलं आहे.

वहीत मी पाच गोष्टी लिहायचे: तारीख, किती लिटर, मीटरचा आकडा, आदल्या दिवशी इंजिन किती तास चाललं, आणि वारा-लाटा कुठून होत्या. पाऊस किंवा डेक धुतला असेल तर तेही. पंधरा दिवसांतच त्या पानांवर गोष्टी जुळायला लागल्या.

एक अपवाद, तो आधी वाचून ठेवा

वरची सगळी पद्धत रोज दोन-चार लिटर येणाऱ्या पाण्यासाठी आहे. पाणी डोळ्यांदेखत वाढत असेल तर मीटर, वही, खडू काही नको. ३८ मिलिमीटरचं एक भोक पाण्याखाली अर्ध्या मीटरवर उघडं पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. साधा बिल्ज पंप त्याला पुरत नाही. तळातल्या भोकांवरचे, समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, आणि व्हॉल्व्हच तुटला असेल तर लाकडी खुंटी ठोका. ही मऊ लाकडाची निमुळती खुंटी प्रत्येक व्हॉल्व्हला दोरीनं बांधलेलीच असली पाहिजे. ती पेटीत ठेवून चालत नाही. अंधारात, गुडघाभर पाण्यात पेटी सापडत नाही.

सेलड्राइव्ह (इंजिनाची ताकद तळातून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा पाय) असलेल्या बोटींना आणखी एक सांगणं. इंजिनाखाली जिथून सेलड्राइव्हचा पाय पाण्यात जातो तिथे मोठा रबरी पडदा असतो. त्याच्या कडेला खारं पाणी दिसलं आणि ते इंजिन बंद असतानाही येत असेल, तर पुढचा प्रवास रद्द करून बोट बाहेर काढा. काही कंपन्या हे रबर दर सात वर्षांनी बदलायला सांगतात. दिसायला चांगलं असलं तरी बदला.

पहिलं पाणी: खारं, इंजिन चाललं त्याच दिवशी

वहीत हे सगळ्यात आधी दिसलं. वारा नसल्यानं खाडीतून तीन तास इंजिनावर आलो की दुसऱ्या सकाळी लिटर-दीड लिटर खारं पाणी. दिवसभर शिडावर आलो की कोरडं.

बोटीच्या इंजिनाला गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक छोटा पंप असतो, आत रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा. त्याच्या दांड्यावर दोन सील (गळती अडवणाऱ्या रबरी कड्या) असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक तेलाच्या बाजूला. दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी जागा आणि खाली एक बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पाण्याचं सील गेलं की पाणी इंजिनच्या तेलात न शिरता त्या भोकातून बाहेर ठिबकावं म्हणून. ते ठिबकायला लागलं की पंप स्वतःच सांगत असतो, माझं सील बदला.

आमच्या बोटीत एका कारागिरानं ते भोकच सिलिकॉननं बुजवलं होतं. त्याचे पैसेही घेतले होते. ठिबकणं थांबलं, आम्ही खूश झालो, आणि महिन्याभरानं डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं. हे लिहिताना आजही हात थरथरतो. त्या वेळी लक्षात आलं नसतं तर इंजिन गेलं असतं, आणि एखाद्या खडकाळ किनाऱ्याशी ते बंद पडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. तुमच्या पंपाचं ते भोक आजच बघा. खिळ्याच्या टोकानं साफ करा आणि साफच ठेवा.

तो पंप मी पिशवीत घालून सोलापूरला आणला. बेअरिंगच्या दुकानात जुनं सील काउंटरवर ठेवलं. त्यावर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते वाचून दुकानदारानं मिनिटात तसंच सील काढून दिलं. बसवलं, हंगाम सुरू झाला, दोन महिन्यांत पुन्हा ठिबक. का, ते सील कापून बघितल्यावर कळलं. सीलच्या ओठाच्या मागे बारीक गोल स्प्रिंग असते. दुकानातल्या साध्या सीलमध्ये ती साध्या पोलादाची, तेलासाठी बनवलेली. खाऱ्या पाण्यात ती गंजून तुकडे तुकडे झाली होती. स्टेनलेस स्प्रिंगचं सील मागून घ्या. दुकानात नसेल तर मागवून देतात.

दुसरी गोष्ट दांड्याची. जुन्या सीलच्या ओठानं दांड्यावर खाच पाडलेली असते. नख फिरवून बघा. नख अडकलं तर नवं सीलही त्याच खाचेत बसणार आणि गळणार. टर्नरनं आमचं सील दीड मिलिमीटर जास्त आत बसवलं, ओठ दांड्याच्या गुळगुळीत भागावर आला आणि ठिबक थांबली. फक्त तसं करताना ते बारीक भोक झाकलं जात नाही ना, हे बघून घ्या. खाच खोल असेल तर दांडाच बदलावा लागतो.

दुसरं पाणी: गोडं, तेही इंजिन चाललं त्याच दिवशी

इथे नुसती वेळ बघत राहिलो असतो तर आयुष्यभर पंपच खोलत बसलो असतो. मीटरनं वाचवलं. तळ नीट धुतल्यावर आकडा आला २१०. टाकीचा आकडा २०५.

बोटीवरचा गिझर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. इंजिन सुरू झालं की आतल्या नळीतून ते फिरतं आणि गिझरमधलं पाणी तापतं. तापलं की फुगतं. ४० लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेलं तर जवळजवळ लिटरभर वाढतं. थंड पाण्याच्या बाजूला उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे त्याला मागे जायला वाट नाही. दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडं पाणी बाहेर सोडतो. त्याची नळी आमच्या बोटीत सरळ बिल्जमध्ये सोडलेली होती. ही गळती नव्हतीच. यंत्र आपलं काम करत होतं.

आम्ही ती नळी दोन लिटरच्या बाटलीत सोडली. आता किती पाणी येतं ते रोज दिसतं आणि त्या पाण्यात मी कपबश्या धुते. छोटी एक्स्पान्शन टाकी बसवली तर हेही थांबतं. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र कधीही बंद करू नका, त्याचं तोंड बांधू नका.

गोड्या पाण्याची आणखी एक खूण लक्षात ठेवा. रात्री सगळे नळ बंद असताना प्रेशर पंप मध्येच दोन सेकंद 'टर्र' करून थांबत असेल, तर गळती पंपाच्या पुढच्या नळ्यांत आहे. पंप गप्प आणि टाकी मात्र खाली होतेय, तर टाकी किंवा पंपाच्या मागची नळी बघा. फ्रिजच्या बर्फाचं पाणीही बघा. गोव्याच्या दमट हवेत तेसुद्धा कमी नसतं.

तिसरं पाणी: जमिनीवर उभ्या बोटीत

दुसऱ्या हंगामानंतर ऑगस्टमध्ये हे यार्डात बोट बघायला गेले. फोन आला, "अगं, सहा लिटर आहे."

समुद्र नाही, इंजिन बंद, टाक्या रिकाम्या. मग राहिला पाऊस. सोलापुरात वर्षभरात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, गोव्यात तीन हजारांच्या आसपास. ताडपत्रीची एक कड वाऱ्यानं सुटली होती आणि चार महिन्यांचा पाऊस त्या फटीतून डेकवर उतरत होता. मीटरवर साडेचारशे.

डेकची गळती शोधताना पाण्याचा पाइप वरून सोडू नका. वरून सोडलं की सगळीकडे ओलं होतं आणि काहीच कळत नाही. खालून सुरुवात करा. एका जागी दहा मिनिटं हलकी धार धरा, आत एक माणूस बॅटरी घेऊन बसलेला. मग हातभर वर सरका. आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडलं: उजव्या कठड्याच्या पुढून दुसऱ्या खांबाचं बूड. तिथून पाणी अस्तराच्या मागे उतरून पाच मीटर मागे येत होतं. वरून त्या बुडाभोवती सिलिकॉनची जाड वळी होती, कुणीतरी कधीतरी फासलेली. पाणी तिच्या खालून आरामात जात होतं.

वरून सीलंट फासणं ही दुरुस्ती नव्हे. खांब काढावाच लागतो. बोल्टची भोकं मोठी करायची, कारण डेकच्या मधल्या थरात बहुधा बाल्सा लाकूड असतं आणि ते पाणी पिऊन कुजतं. ओलं लाकूड खरवडून काढा, पूर्ण वाळू द्या, भोक इपॉक्सीनं भरा आणि मग त्या इपॉक्सीतून नवं भोक पाडा. पुढे कधी गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बसवताना आम्ही ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरली. आवळताना खालची नट फिरवा, बोल्ट जागचा हलू देऊ नका, नाहीतर टेपची पकड सुटते. आणि सिलिकॉन तिथे लावूच नका. त्याचा थर एकदा पृष्ठभागावर बसला की नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही. जुनं सिलिकॉन खरवडून काढायला मला दोन दिवस लागले.

चौथं पाणी: खारं, इंजिन बंद, फक्त उत्तरेकडे येताना

हे सर्वांत उशिरा सापडलं. फेब्रुवारीत गोव्याहून विजयदुर्गला येत होतो. कोकण किनाऱ्यावर त्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा चढतो. गोव्याकडे जाताना तो पाठीशी, परत येताना तोंडावर. तोंडावर असला की दोन होड्यांच्या मध्ये लाट शिरते आणि माळ्याला खालून धाडकन आपटते. ताटं हलतात, बोलणं तुटतं. त्या दिवशी दुपारी चार तास हेच. वाघोटन खाडीत शिरून किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला, जेवायला कडक भाकरीचा डबा काढायला फळी उचलली, तर डबा तरंगत होता. सोलापूरहून आणलेल्या चाळीस भाकऱ्या, शेंगाचटणीची पुडी, सगळं खाऱ्या पाण्यात. कडक भाकरी बोटीवर महिनाभर टिकते, गॅस न पेटवता जेवण होतं, लाटांत स्वयंपाक करता येत नाही तेव्हा तीच आधार असते. मी तिथेच फळीवर बसून रडले.

रडून झाल्यावर वही काढली. आधीच्या दोन हंगामांतल्या चार नोंदी अशाच होत्या: खारं पाणी, इंजिन जवळपास बंद, वारा वायव्य, बोट उत्तरेकडे. दक्षिणेकडे जातानाची एकही नाही.

बऱ्याच कॅटामरानना प्रत्येक होडीच्या आतल्या अंगाला, म्हणजे माळ्याखालच्या बाजूला, पाण्यापासून थोडी वर एक खिडकी असते. बोट उलटली तर बाहेर पडायला. एरवी ती पाण्याच्या वर असते, म्हणून नांगरावर तिला काही होत नाही. लाटा आपटायला लागल्या की मात्र तीच मार खाते.

बाहेरून धार मारली तेव्हा थेंब आला नाही, कारण पाइपच्या धारेला लाटेचा जोर नसतो. मग ह्यांना जहाजावरची रीत आठवली. मालवाहू जहाजांच्या मोठ्या झाकणांचं रबर खडूनं तपासतात. चौकटीच्या कडेला सगळीकडून खडू घासायचा, झाकण नेहमीसारखं बंद करायचं, उघडायचं, आणि रबरावर खडू कुठे उमटला नाही ते बघायचं. आम्ही तसंच केलं. रबरावर निळी रेघ छान उमटली होती, फक्त बिजागरीच्या बाजूला वीतभर जागा कोरी. त्या जागी रबर कायमचं दबून चपटं झालं होतं. दर वेळी गळती थांबावी म्हणून मी मूठ जास्त जोरानं आवळत होते आणि त्यानं ते आणखी दबत होतं.

रबर बदललं. जाडी आणि आकार जुन्याच्या न दबलेल्या भागावरून घ्या. जोड खालच्या बाजूला येऊ देऊ नका, वर ठेवा. बसवल्यावर पुन्हा खडू.

आणि जी गळतीच नाही

पाणी दर वेळी अगदी तेवढंच येत असेल, कमी नाही, जास्त नाही, तर बिल्ज पंपाचा पाइप बघा. पंप थांबला की वर चढलेलं पाणी पाइपातून परत खाली उतरतं. २८ मिलिमीटरच्या तीन मीटर पाइपात पावणेदोन लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. तेवढ्यानं फ्लोट स्विच पुन्हा उचलला जातो, पंप पुन्हा सुरू, आणि असं बॅटरी उतरेपर्यंत. पाइप शक्य तितका आखूड आणि बारीक ठेवा, आणि उरलेलं पाणी हातानं टिपा. पाइपात उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह घालण्याचा मोह होतो. तो कचऱ्यानं अडकला तर ऐन वेळी पंप पाणी टाकणारच नाही, म्हणून आम्ही घातला नाही. पाइपाचं बाहेरचं तोंड पाण्याच्या जवळ असेल तर वर उंच वळसा आणि त्याच्या डोक्याला हवेचा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर समुद्रच उलटा आत येतो.

शेवटच्या हंगामात एप्रिलपासून मेअखेर टिश्यूचे पाचही तुकडे कोरडे होते. बाटलीतलं गिझरचं पाणी तेवढं वहीत आहे.

आता बोट बाहेर आहे तोवर दोन कामं ठेवली आहेत. उजव्या सेलड्राइव्हच्या रबराला यंदा सातवं वर्ष, ते बदलायचं. आणि तळाच्या सगळ्या व्हॉल्व्हांवर काचकागद मारून आतला धातू बघायचा. पितळ पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यानं खाल्लं आहे, असा व्हॉल्व्ह हातोडीच्या एका टोल्यानं तुटू शकतो. ब्राँझचा नवा घ्यायचा.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरवताना क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा, पट्टे सोडायचे नाहीत. बोट तरंगायला लागली की एक जण उजव्या होडीत, एक जण डाव्या होडीत उतरा, आणि प्रत्येक व्हॉल्व्हखाली, इंजिनाखाली, त्या खिडकीच्या कडेनं कोरडा टिश्यू फिरवा. दहा मिनिटं थांबून पुन्हा फिरवा. क्रेनवाला घाई करतो, करू दे. दोन्हीकडून "कोरडं" असा आवाज आला की मगच पट्टे सोडायला सांगा.